सगळ्या सेंडरसाठी एकच व्हीसी का नाही चालत?

प्रश्न: सर, माझा सेमिनार एटीएम नेटवर्कवरच्या (पैशाचं मशीन नव्हे, पॅकेट तोडून ‘सेल’ नावाच्या छोट्या तुकड्यांत पाठवणारं नेटवर्क) मल्टिकास्टवर आहे. एकाने अनेकांना पाठवायचं ते समजलं, पण ग्रुपमधले सगळेच पाठवणारे असतील तर सगळ्यांचा मिळून एकच व्हीसी (व्हर्च्युअल सर्किट, म्हणजे नेटवर्कमधली ठरवून दिलेली वाट) का नाही ठेवत? – इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर: एकदम मुद्द्याचं विचारलंस बघ. सेलच्या कॉप्या काढून चार वाटांनी पाठवणं स्विचला सोपं असतं, खरी गोची होते ती पॅकेट परत जोडताना. सेल 53 बाइटचा, त्यात 5 हेडरचे, आणि हेडरमध्ये ओळख म्हणून फक्त सर्किटचा नंबर असतो, पाठवणाऱ्याचं नाव नसतं. एएएल5 मध्ये (पॅकेटचे सेल करायची आणि परत जोडायची एक पद्धत) उरलेले 48 बाइट पूर्ण डेटाला दिलेत, पॅकेट कुठे संपलं हे शेवटच्या सेलच्या हेडरमधल्या एका बिटवरून कळतं, बस. म्हणजे कळमन्यात दोन व्यापाऱ्यांच्या संत्र्याच्या पेट्या नाव न टाकता एकाच गाडीत भरल्या आणि खूण फक्त शेवटच्या पेटीवर केली, तर कोणती कोणाची ते उतरवणारा कसं सांगेल?

आता कागदावर काढून बघ: क आणि ख या दोन सेंडरचे क1, ख1, क2, ख2 असे सेल आले, ख2 वर शेवटची खूण आहे, तर रिसीव्हर चारही मिळून एक पॅकेट समजतो, सीआरसी (चूक पकडायचा तपासणीचा आकडा) चुकतो आणि सगळं फेकावं लागतं. मागून येणारा क3 पण मग वाया. 1500 बाइटच्या पॅकेटचे 32 सेल होतात, त्यात सरमिसळ व्हायला कितीसा वेळ लागतो!

एएएल3/4 या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक सेलवर ओळखनंबर असतो, पण त्यात सेलमागे 4 बाइट जातात. 1996 च्या आरएफसी 2022 मध्ये (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) दोन रस्ते आहेत: प्रत्येक सेंडरचा वेगळा ट्री, म्हणजे त्याच्यापासून सगळ्या मेंबरपर्यंत फांद्या फुटणारा स्वतःचा व्हीसी, नाहीतर मधे मल्टिकास्ट सर्व्हर, जो आलेली पॅकेटं जोडून एकेक करून पुढे पाठवतो. पहिल्यात एक मेंबर आला-गेला की प्रत्येक ट्री बदला, दुसऱ्यात सगळा भार एकाच मशीनवर, ते बंद पडलं की ग्रुपच बंद.

मला स्वतःला व्हीसी मर्ज जास्त पटतं, त्यात तुझा एकच व्हीसी चालतो, फक्त स्विच एका पॅकेटचे सेल सलग सोडतो आणि तोवर दुसऱ्याचे बफरमध्ये (स्विचच्या तात्पुरत्या मेमरीत) थांबवतो. बफर वाढतो, थोडा उशीर होतो, ते मान्य. पण शेवटचा सेलच हरवला तर बाकीचे अडकून बसतील, म्हणून टाइमआउट (ठराविक वेळ वाट बघून सोडून देणं) लागतोच, सेमिनारमध्ये हे नक्की सांग, बरेच जण हेच सोडून देतात.