टाचणात मूल कुठे आहे?

सराव पाठ सुरू झाले की या सदराकडे छात्राध्यापकांची, म्हणजे शिक्षक होण्याचं शिक्षण घेणाऱ्यांची, पत्रं एकदम वाढतात. पाठ कसा घ्यायचा याचा आधी लिहिलेला आराखडा म्हणजे टाचण, आणि बऱ्याच पत्रांत तेच डोकावतं. या वेळी त्यांतली पाच घेतली आहेत. छात्राध्यापकांचे पाठ मी सव्वीस वर्षं वर्गातल्या शेवटच्या बाकावर बसून पाहिले. फळ्यापाशी उभं राहून जे दिसत नाही ते त्या बाकावरून दिसतं, म्हणून उत्तरंही तिथूनच देते आहे.

प्रश्न : बाई, एक पाठ टाचण लिहायला मला तीन तास लागतात. उद्दिष्टे, स्पष्टीकरणे, विषय विवेचन, फलक लेखन, सगळे रकाने भरते. मार्गदर्शक बाईंनी टाचणावर ‘उत्तम’ असा शेरा दिला. तरी परवा अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ वीस मिनिटांत संपला. पुढची पंधरा मिनिटं काय करावं ते सुचेना. हातपाय गार पडले. चूक टाचणात आहे की माझ्यात? टाचण सोबत जोडलं आहे.
– एक छात्राध्यापिका

उत्तर : चूक टाचणात आहे, आणि ती सुधारता येण्यासारखी आहे. अक्षर सुरेख, मांडणी नेटकी, म्हणून ती पटकन डोळ्यांत भरत नाही. मी फक्त ‘विद्यार्थी कृती’ हा एकच रकाना वरून खाली वाचत गेले. ‘लक्षपूर्वक ऐकतात’ अकरा वेळा. ‘उत्तरे देतात’ चार वेळा. ‘वहीत लिहून घेतात’ तीन वेळा. मुलं कोणतं उत्तर देतील, ते मात्र एकदाही नाही. तुझं बोलणं वीस मिनिटांचं होतं. ते संपलं आणि पाठही संपला, कारण मुलांच्या वाट्याला टाचणात काही ठेवलंच नव्हतं.

आता तुझंच उदाहरण घे : १/२ + १/३. ज्या मुलाला हे अजून कळलेलं नाही, ते काय लिहील? २/५. वरचे अंक वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. त्याच्या दृष्टीने हे अगदी रीतसर आहे, आजवर बेरजा तशाच केल्यात त्याने. हे उत्तर टाचणात आधीच लिहून ठेव, कारण ते वर्गात येणारच. आलं की ‘चूक’ म्हणून पुसू नकोस. फळ्यावर राहू दे आणि विचार, ‘अर्ध्यात भर घातली तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येईल की लहान?’ मोठं, हे सगळे सांगतील. मग २/५ अर्ध्यापेक्षा मोठा आहे का ते त्यांनाच तपासू दे. इथे वर्ग गप्प होतो, आणि मग कुजबुज सुरू होते. ती कुजबुज थांबवू नकोस.

त्यानंतर प्रत्येक जोडीला १२ सेंटिमीटर लांबीच्या कागदी पट्ट्या दे. १२ यासाठी की अर्धी पट्टी नेमकी ६ सेंटिमीटरची होते आणि तिसरा हिस्सा नेमका ४ सेंटिमीटरचा. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की १० सेंटिमीटर भरतात. आता या दहाला पट्टीचा कितवा भाग म्हणायचं? अर्ध्याच्या तुकड्याने मोजता येत नाही, तिसऱ्या हिश्श्याच्याही नाही. ६ लाही पुरा बसेल आणि ४ लाही, असा सर्वांत मोठा तुकडा शोधायला सांग. २ सेंटिमीटरचा तुकडा सापडतो. तो अख्ख्या पट्टीत सहा वेळा बसतो आणि आपल्या दहात पाच वेळा. म्हणून ५/६. ‘समान छेद’ हा शब्द इथे उच्चार, आधी नको. मुलांच्या हातात तो तुकडा असतो, नाव फक्त तुझ्याकडून जातं. हे सगळं करायला पंधरा काय, वीस मिनिटंही पुरणार नाहीत.

टाचण लिहिण्याचा क्रमही उलटा करून बघ. सगळ्यांत आधी शेवटची पाच मिनिटं लिही : मूल एकट्याने, कुणाला न विचारता, काय करून दाखवेल? ते ठरलं की उद्दिष्ट आपोआप क्रियापदात येतं. ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांचे आकलन होणे’ हे मागच्या बाकावरून दिसत नाही. ‘भिन्न छेदांच्या दोन अपूर्णांकांची बेरीज पट्टीच्या आकृतीने स्पष्ट करतो’ हे दिसतं. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये केलेलं उद्दिष्टांचं वर्गीकरण तुम्ही पाठ करताच. २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी ते सुधारलं तेव्हा नामांच्या जागी क्रियापदं आणली : आठवणे, समजणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, निर्मिती करणे. मला तो बदल फार मोलाचा वाटतो, कारण क्रियापद आलं की ते कोण करणार हा प्रश्न येतोच.

आणखी एक, पाठाच्या ठरीव पाच पायऱ्यांचा धाक बाळगू नकोस. आपण ज्यांना जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या पंचपद्या म्हणतो त्या हर्बार्टने पाच सांगितल्याच नव्हत्या. त्याच्या चार होत्या. झिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी त्यांच्या पाच केल्या. साचा त्यांनी कामाप्रमाणे बदलला, तर तुला एखादी पायरी मागेपुढे करायला कसली भीती? मार्गदर्शक बाईंना कारण मात्र सांगता आलं पाहिजे.

प्रश्न : प्रश्न विचारला की तेच दोन-तीन हात वर होतात. बाकी वर्ग खाली मान घालून बसतो. ‘समजलं का?’ म्हटलं की सगळे एका सुरात ‘हो’ म्हणतात, आणि स्वाध्यायात निम्म्यांचं चुकलेलं असतं. प्रश्न कौशल्याला मला नेहमी कमी गुण मिळतात.
– एक छात्राध्यापक

उत्तर : ‘समजलं का?’ हा प्रश्न आजपासून सोडून दे. ज्याला समजलेलं नाही त्यालाच ते ठरवायला आपण सांगतो, तेही चारचौघांत. त्याने ‘हो’ म्हणण्यावाचून काय करावं?

हात वर न होण्याचं कारण बहुतेक वेळा वर्गात नसतं, आपल्या घाईत असतं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या सुमारास विज्ञानाच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तिने दुसऱ्या थांबण्याकडेही लक्ष वेधलं, आणि ते आपण हमखास विसरतो : मुलाने उत्तर दिल्यानंतरचं थांबणं. लगेच ‘शाब्बास’ म्हटलं की विचार तिथेच संपतो. तीन सेकंद गप्प राहिलं की तेच मूल पुढे बोलतं, ‘म्हणजे… कारण…’

नोकरीला लागून चार वर्षं झाली होती तेव्हा मी स्वतःचा एक तास टेपवर घेतला. घरी ऐकताना घशात आवंढा आला. एकामागून एक सात प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या पाचांची उत्तरं मीच दिली होती. एक मुलगी ‘बाई, पण…’ एवढंच म्हणते आणि माझा आवाज तिच्यावरून पुढे निघून जातो. ती काय विचारणार होती ते मला कधीच कळलं नाही.

तूही हे करून बघ, आता मोबाइलवर सोपं आहे, फक्त शाळेची आणि मार्गदर्शकांची परवानगी आधी घे. तासातली कोणतीही पाच मिनिटं निवड. दर तीन सेकंदांना कागदावर एक खूण कर : ‘शि’ म्हणजे शिक्षक बोलतोय, ‘मु’ म्हणजे मुलं, ‘शां’ म्हणजे शांतता. पाच मिनिटांत बरोबर शंभर खुणा होतात, म्हणजे टक्केवारी वेगळी काढायला नको. ही कल्पना फ्लँडर्स या संशोधकाच्या आंतरक्रिया विश्लेषणाची, म्हणजे वर्गात कोण किती बोलतं ते मोजण्याच्या पद्धतीची. त्याच्या दहा प्रकारांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. सुरुवातीला तीन खुणा पुरे.

आणि हात वर करायला लावण्याऐवजी सगळ्यांना आधी वहीत एक ओळ लिहू दे, मग शेजाऱ्याशी बोलू दे, मग तू नाव घे. फ्रँक लायमनने १९८१ मध्ये मांडलेली ‘विचार करा, जोडीत बोला, वर्गाला सांगा’ ही रीत हीच. दोन हातांची मक्तेदारी तिने मोडते, कारण नाव पुकारलं जातं तेव्हा प्रत्येकाजवळ सांगण्यासारखं काहीतरी असतं.

प्रश्न : बाई, संगणकाच्या क्षेत्रात पंधरा वर्षं काम करून मी आता शिक्षणशास्त्राची पदवी घेतो आहे. तंत्रज्ञान हीच माझी जमेची बाजू, असं वाटत होतं. हृदयाच्या रचनेवर बेचाळीस स्लाइड केल्या, ॲनिमेशनही घातलं. मुलं खूश होती, पण निरीक्षकांनी लिहिलं, ‘अध्यापन झाले, अध्ययन दिसले नाही.’ पुढच्या पाठात प्रोजेक्टर मध्येच बंद पडला आणि मी अक्षरशः उघडा पडलो.
– अडतीस वर्षांचे एक छात्राध्यापक

उत्तर : तुमचं कौशल्य खरंच जमेचं आहे, ते टाकून देऊ नका. पण बेचाळीस स्लाइड पस्तीस मिनिटांत म्हणजे एकीला एक मिनिटही नाही. त्यात मुलांनी विचार कधी करायचा?

पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवत असाल तर आधी ते थांबवा. चित्र, छापील शब्द आणि तेच शब्द आवाजात, असं एकदम आलं की शिकणं सुधारत नाही, उलट अनेकदा घटतं, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून पुढे आलं आहे. चित्र दाखवा आणि बोला, तेवढं पुरतं.

पडदा कशासाठी हवा, हे आधी ठरवा. जे फार लहान, फार मोठं, फार मंद किंवा शरीराच्या आत आहे, ते फळ्यावर हलताना दाखवता येत नाही. हृदयाच्या झडपा तशाच. पण ॲनिमेशन पूर्ण चालू देऊ नका. डावी जवनिका (हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा) आकुंचन पावायच्या क्षणी थांबवा आणि विचारा, ‘आता रक्त कुठे जाईल? आणि आलं त्याच वाटेने परत का जात नाही?’ मुलांना वहीत बाण काढू द्या. दोन मिनिटांनी पुढचे पाच सेकंद दाखवा. काहींचे बाण डाव्या अलिंदाकडे, म्हणजे वरच्या कप्प्याकडे, परत गेलेले असतील, ते पुसून मुलं महाधमनीकडे वळवतील. बाण पुसला जातो तेव्हा निरीक्षकांना हवं असलेलं अध्ययन दिसतं. अशा पाठाला सहा स्लाइड खूप झाल्या.

सगळ्या वर्गाचं उत्तर एकदम पाहायचं तर महागड्या यंत्राची गरज नाही. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझूर यांनी बहुपर्यायी प्रश्न, आधी स्वतःचं मत, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मत, अशी पद्धत रुजवली. पुढे नॅथानिएल लॅस्री यांनी भौतिकशास्त्राच्याच विद्यार्थ्यांत इलेक्ट्रॉनिक क्लिकर (बटण दाबून उत्तर नोंदवायचं यंत्र) आणि साधी कार्डं यांची तुलना केली. संकल्पना समजण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. अ, ब, क, ड लिहिलेली चार पुठ्ठ्याची कार्डं प्रत्येकाला द्या, वर्ग तुम्हाला एका नजरेत वाचता येईल.

प्रोजेक्टर बंद पडण्याबद्दल : टाचणाच्या समासात, जिथे पडदा वापरणार आहात त्या प्रत्येक जागी, ‘नसेल तर’ म्हणून एक ओळ लिहा. हृदयाच्या पाठात ती ओळ ‘फळ्यावर चार कप्पे, मुलं बाण काढतील’ एवढीच होते. ती लिहिता आली नाही, तर तो पाठ तुमच्या नाही, यंत्राच्या हातात आहे.

प्रश्न : एआयकडून टाचण तयार करून घेतलं तर चालेल का?
– दोन मैत्रिणी

उत्तर : तयार टाचण आपलं म्हणून देऊ नका. तुमच्या वर्गातली कोणती मुलं कुठे अडखळतात हे त्याला ठाऊक नाही, आणि टाचण लिहिताना जो विचार होतो तोच तर तुम्हाला शिकायचा आहे. ‘या घटकात मुलं कोणकोणत्या चुका करू शकतील?’ असं त्याला जरूर विचारा, महाविद्यालयाचा नियम आड येत नसेल तर. येणारी यादी पाठ्यपुस्तकाशी आणि अनुभवी शिक्षकांशी ताडून बघा. ते खात्रीच्या सुरात चुकीचंही सांगतं.

प्रश्न : एक निरीक्षक म्हणतात फलक लेखन वाढव, दुसरे म्हणतात मुलांकडे तुझी पाठ फार होते. दोघांचं ऐकायचं तर कसं?
– एक छात्राध्यापिका

उत्तर : दोघांनी तुझे वेगवेगळे क्षण पाहिलेत, दोघंही खरं सांगत असतील. सूक्ष्म अध्यापनाचा जन्म १९६३ मध्ये स्टॅनफर्डला ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून झाला, तो एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष देता यावं म्हणून : मुलं थोडी, वेळ पाच-दहा मिनिटं आणि कौशल्य एकच. मोठ्या पाठालाही तेच लाव. पाठाआधी निरीक्षकांकडे जाऊन सांग, ‘सर, आज मी उत्तर मिळाल्यानंतर किती थांबते एवढंच बघाल का?’ फारसं कुणी नाही म्हणत नाही. पाठ झाल्यावर पहिला प्रश्न तू विचार, आणि तो तुझ्याविषयी नको : ‘तिसऱ्या रांगेतल्या मुलांनी वहीत काय लिहिलं होतं?’ मागच्या बाकावरून ते दिसलेलं असतं.