कारवी घरच्या बागेत लावता येते का? फुलं दरवर्षी येतील का?

तुमचे मुख्य प्रश्न तीन आहेत. कासला पाहिलेली निळी-जांभळी कारवी घरामागच्या मोकळ्या जागेत लावता येईल का, ती दरवर्षी फुलेल का, आणि पठारावरून एखादं रोप उचलून आणलं तर जगेल का. लावता येते. दरवर्षी फुलत नाही. आणि रोप उचलून आणायचा विचार डोक्यातून काढून टाका.

तुम्ही कासला कमरेच्या आतले, गोल घुमटासारखे झुडपांचे पुंजके पाहिले असतील तर ती टोपली कारवी. ती उघड्या कातळावरची, वाऱ्या-धुक्यातली, तिला तिथेच राहू द्या. बागेत लावायची ती डोंगरउतारावरची साधी कारवी. ही माणसाच्या डोक्यावरून जाते, पानं मोठी, खरखरीत आणि दातेरी असतात. मी बोलतोय ते हिच्याबद्दल.

कारवी साधारण सात वर्षं नुसती वाढते, मग एका पावसाळ्यात सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. डोंगर बदलला की वर्षं बदलतात. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ आणि २०१६ साली फुलली, म्हणजे तिथे आठ वर्षं. तिचीच बहीण नीलकुरिंजी मुन्नारकडे बारा वर्षांनी फुलते, २००६ नंतर २०१८. मधल्या वर्षांत एखादं चुकार झाड फुलतं, पण त्याच्या भरवशावर बाग करू नका. सगळी झाडं एकदम का फुलतात, याचं पटण्यासारखं उत्तर असं दिलं जातं की एवढं बी एकाच हंगामात पडलं की खाणारे उंदीर, किडे, पाखरं कितीही खाऊ देत, उरतंच. म्हणून माझं पहिलं मत: एकटं रोप लावू नका. जागा असेल तर ओळ लावा, नाहीतर लावूच नका.

आता हे सगळं मी इतक्या पोटतिडकीनं का लिहितोय ते सांगतो. आमचं घर मुळशीत, ताम्हिणीच्या अलीकडे. मागच्या बांधाखाली उतारावर मी बी पेरून कारवीची ओळ धरली होती. काकांना ती पहिल्या दिवसापासून पटली नाही. त्यांच्या लेखी कारवी ही लावायची वस्तूच नाही. ती रानातून तोडायची, तिचा कूड विणायचा, वरून शेणमाती लिंपायची. आमचं जुनं घर तसंच होतं, कारवीच्या कुडाचं, आणि तो कूड काकांनी स्वतः विणलेला होता, त्यामुळे या विषयात त्यांच्यापुढे कुणी बोलायचं नाही असा घरात रिवाज. "रानात ढिगानं पडलीय, ती दारात कशाला? इथं जास्वंद लाव, देवाला रोज फूल तरी मिळेल." दर उन्हाळ्यात हेच ऐकायचं. उन्हाळ्यातच का, तर तेव्हा कारवीची पानं गळून जातात आणि नुसत्या करड्या, गाठाळ काठ्या उभ्या राहतात. ज्याला माहीत नाही तो ती मेली असंच म्हणणार. खोडाला नख लावलं की सालीखाली ओल दिसायची. मी दाखवायचो, काका मान फिरवायचे.

मग तिचं वर्ष आलं. श्रावणात फांद्यांच्या टोकांना तुरे धरले. हात लावला तर बोटांना चिकटतात, आणि वास असा उग्र की साबण लावूनही लगेच जात नाही. त्या तुऱ्यांतून एकेक फूल बाहेर येतं, पेल्यासारखं, पाच पाकळ्यांच्या कडा बाहेर वळलेल्या, रंग निळा म्हणावा तर जांभळा. भाद्रपदात ओळच्या ओळ भरली. सातेरी मधमाश्या सकाळपासून नुसत्या घोंगावत होत्या. त्या दिवसांत काका वाटेनं जाणाऱ्याला हाका मारून मागे घेऊन जायचे आणि दाखवायचे. मी काही बोललो नाही, पण मला फार बरं वाटलं होतं.

दिवाळीनंतर फुलांच्या जागी बोंडं धरली, वाळली, आणि या वेळी झाडं खरोखरच मेली. पण मेलेली कारवी म्हणजे संपलेली कारवी नाही. बी त्या वाळक्या बोंडांतच असतं आणि ते पहिल्या पावसापर्यंत तिथेच राहतं. हे मी काकांना सांगितलं होतं. तरी चैत्रात मी कामासाठी बाहेरगावी असताना त्यांनी कोयता घेतला आणि अर्धी ओळ जमिनीलगत छाटून बंबाखाली घातली. परत आलो तर उरलेल्या अर्ध्या ओळीपाशी कोयता टेकवून ठेवलेला. "तूच म्हणालास ना, फुलली की मरते? मग मेलेलं लाकूड उभं ठेवून काय पुजायचंय?" आमचं त्या दिवशी चांगलंच वाजलं. काकांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच बोललो असेन. उरलेली ओळ वाचली, बोलणं मात्र बरेच दिवस बंद होतं.

मृगाचा पाऊस आला तेव्हा मी मुद्दाम बांधावर जाऊन उभा राहिलो. बोंडं भिजली आणि थोड्या वेळानं तडतड सुरू झाली. वाळकं बोंड ओल पितं, ताण येऊन फटकन उकलतं आणि बी लांब उडवतं. एक माझ्या गालाला लागलं. पंधरवड्यात उभ्या ओळीखाली रोपंच रोपं, पाय ठेवायला जागा नाही. छाटलेल्या बाजूला गवत आणि टाकळा. काकांनी ते पाहिलं. त्यांचं म्हणणं अजूनही इतकंच की बी तुला आधी काढून पुडीत ठेवता आलं असतं. येतं, हे खरं आहे. पण पुडीतलं बी आपण पेरणार तेवढंच आणि तिथंच. झाडानं स्वतः उधळलेलं बी ज्या दाटीनं उगवतं, तशी दाटी मला हातानं कधी जमली नाही. आणि आपल्याला कारवीची दाटी हवी असते, दोन झाडं नको असतात.

तेव्हा तुम्हाला सल्ला असा. लावण्याआधी घरात ज्याच्या हातात कोयता असतो त्याच्याशी बोलून घ्या. तुमचं माळ्यावर चालत असेल तर माळ्याशी. उन्हाळ्यातल्या काठ्या तोडायच्या नाहीत, आणि फुलून मेल्यावरची झाडं पाऊस पडून बोंडं उकलेपर्यंत अजिबात तोडायची नाहीत. हे आधी ठरलं नाही तर सात वर्षं वाया. घरातला मोठा माणूस म्हणतो म्हणून तोडू देऊ नका. वयाचा मान वेगळा आणि झाडाची माहिती वेगळी.

बी मिळवायचं ते फुलोऱ्यानंतरच्या वैशाखात, कुणाच्या मालकीच्या रानातून, त्याला विचारून. कास आणि तिथला परिसर राखीव वन आहे, २०१२ साली पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली त्यांत कासही आहे. तिथलं फूल तोडणंसुद्धा गुन्हा आहे, रोप उपटण्याचं तर बोलूच नका. शिवाय कातळावरच्या वीतभर मातीतलं रोप उपटून खाली आणलं तर ते जगायचंही नाही.

पेरायचं पहिल्या पावसात, उतारावर, मुरमाड किंवा जांभ्याच्या लाल मातीत. वाफे, शेणखताचे ढीग, यातलं काही नको. रोपं हातभर झाली की दाट जागची थोडी काढा. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी, पुढे तेही नाही.

कुंडीचं तुम्ही शेवटी विचारलंय. कुंडीत कारवी नको. उगवेल, पण सात वर्षं मुळं कोंडून ठेवून ती तुम्हाला मी वर्णन केलं तसं फूल देईल असं मला वाटत नाही. काळी माती आणि पाणी तुंबणारी जागा असेल तरीही नको. हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, कारण तुमची जागा तशी असेल तर वरचं सगळं तुमच्या उपयोगाचं नाही. कारवी जमणार नसेल, पण पाणी तुंबत नसेल, तर निळी कोरांटी लावा. कारवीच्याच कुळातली आहे, फांदीपासून लागते, हलक्या जमिनीत तग धरते आणि पावसाळा संपता संपता दरवर्षी निळी-जांभळी फुलते. काकांनी छाटलेल्या अर्ध्या ओळीच्या जागी मी तीच लावली आहे, आणि तिची फुलं ते रोज देवाला घेऊन जातात.