पंपावर आळ घेण्याआधी

प्रश्न : माझी १९९८ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. फार धूर मारत होती म्हणून फुल इंजिन काम केलं. बोअर, पिस्टन, रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, सगळी बेअरिंगं नवी. हेडला फक्त व्हॉल्व्ह घासले. आता सकाळी गार इंजिनाला ऑईलचा लाल दिवा लगेच विझतो. पण होटगी रोडवरून गावात येऊन सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो की मिणमिणायला लागतो. जरा रेस दिली की जातो. मिस्त्रींनी ऑईल पंप नवा टाकला, फरक शून्य. आता म्हणतात, २० डब्ल्यू ५० ऑईल टाका, दिवा परत दिसणार नाही. टाकू का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अजून तरी टाकू नका. दिवा विझेल हे मिस्त्री खरंच सांगतायत. २० डब्ल्यू ५० म्हणजे गरम झाल्यावर ५० ग्रेडचं, जास्त दाट ऑईल. १०० अंशांना ४० ग्रेडच्या ऑईलचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असतो, ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९. दाट ऑईल बेअरिंग आणि शाफ्टमधल्या फटीतून कमी निसटतं, म्हणून दाब वाढलेला दिसतो. फट मात्र होती तेवढीच राहते, आणि पुढच्या मे महिन्यात दिवा परत हजर.

ऑईलचा दाब कमी म्हटलं की पहिला आळ पंपावर येतो. बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. पंप ऑईल ढकलतो एवढंच. दाब तयार होतो तो पुढची वाट अरुंद असल्यामुळं. आपल्याकडं पाणी येतं त्या दिवशी गल्लीतले सगळे नळ एकदम सुटले की शेवटच्या घरात करंगळीएवढी धार येते, आणि तिथं मोटर बदलून काही होत नाही. तुमचं इंजिन गार असताना ठीक, गरम झाल्यावर आयडलला कमी आणि रेस दिली की परत वर, असं वागतंय. म्हणजे ऑईल पातळ झाल्यावर ते कुठूनतरी जास्त निसटतंय. पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) किंवा विसरलेला गॅलरी प्लग (ऑईलच्या वाटेचं बूच) यांचा मोठा दोष असता तर बहुतेक गार इंजिनालाही दाब रडतच राहिला असता.

पण हे सगळं दिव्यावरून बोलतोय, आणि दिव्याला फारसं कळत नाही. त्याचा स्विच साधारण अर्ध्या किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आत कुठंतरी लागतो. त्याच्या खाली दाब थोडा आहे की शून्य, दोन्ही वेळा दिवा तोच. म्हणून स्विच काढून तिथं साधं मेकॅनिकल गेज लावा. आटा तपासूनच लावा : १/८ बीएसपीला इंचात २८ आटे, अमेरिकी एनपीटीला २७. चुकीचा आटा दोन-तीन फेरे बसतो आणि मग अडतो. तिथं पाना लावून जोर केला तर नवीनच खर्च निघतो. गेज लावून गाडी जागेवरच चालू ठेवा, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या आणि मग काटा बघा. तुळजापूरला चक्कर मारून गरम करायचा मोह नको, घाटात नको ते होईल.

जुना ठोकताळा असा : इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलो. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातला आकडा मिळाला तर तोच धरा. गरम इंजिनाला आयडलला पाऊण-एक किलो आला तर इंजिन बरं आहे, नवा स्विच टाका आणि गप्प बसा. रेस वाढवत गेल्यावर काटा एका जागी थांबला तर घाबरू नका, रिलीफ व्हॉल्व्ह जादा ऑईल परत चेंबरात (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत) सोडतोय. काटा थरथरत असेल तर पंप हवा ओढतोय. आधी डिपस्टिक बघा, मग पंप ऑईल ओढतो त्या जाळीच्या पाइपचा जोड.

दाब खरंच कमी निघाला तरी लगेच चेंबर उतरवू नका. डिपस्टिकचा वास घ्या. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑईलमध्ये उतरतं. पातळी आपोआप वाढते आणि ऑईल पाण्यासारखं होतं. तसं असेल तर पडदा नि ऑईल बदलून प्रश्न मिटला.

वास नसेल तर टॅपेट कव्हर काढा. फुल इंजिन काम म्हणताना हेड बहुतेकांच्या हिशोबात नसतं, आणि तुमच्या हेडला फक्त व्हॉल्व्ह घासलेत. झिजलेला रॉकर शाफ्ट आणि कॅमच्या जागा खालच्या नव्या बेअरिंगांचा दाब वर गळवून टाकतात. रॉकर हातानं हलवून बघा, खेळ लगेच जाणवतो.

हे सगळं ठीक निघालं तर चेंबर उतरवायचं. लेथवाल्यांना विचारा, क्रँक कितीला मारला? ‘टेन मारला’ (म्हणजे दहा हजारांश इंच, सुमारे ०.२५ मिमी कमी केला) हे उत्तर पुरत नाही. प्रत्येक जर्नलचं (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाचं) माप, दोन दिशांनी घेतलेलं, मिमीमध्ये कागदावर हवं. अशा छोट्या क्रँकला बेअरिंगची फट साधारण ०.०२ ते ०.०४ मिमी असावी. पॉलिश करताना केसाच्या अर्ध्या जाडीएवढं जास्त निघालं की खेळ संपला, कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ०.०३ ची फट ०.०६ झाली तर ऑईल दुप्पट नाही, आठपट निसटतं! म्हणूनच नवी बेअरिंगं टाकूनही दिवा मिणमिणतो. मिस्त्रींकडं प्लास्टिगेज (फट मोजायची, दाबली की चपटणारी बारीक प्लास्टिकची दोरी) असेल तर कॅप उघडून, ऑईल पुसून, त्याचा तुकडा ठेवून ठरलेल्या टॉर्कला आवळायचं, परत उघडायचं आणि चपटलेली पट्टी मोजायची. क्रँक तेवढ्यात फिरवायचा नाही. बिगेंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) कॅपा अदलाबदल झाल्यात का आणि बेअरिंगमागं कचरा राहिलाय का, तेही तेव्हाच दिसेल.

फट जास्त निघाली तर पुढच्या साइजला ग्राइंडिंग आणि नवे शेल (बेअरिंगच्या वाट्या), दुसरा रस्ता नाही. ग्राइंडिंग ज्यांनी केलं त्यांच्याकडं मापाचा कागद घेऊन जा, भांडायला नको आणि बोलायलाही आधार राहतो.

प्रश्न : बांधलेलं इंजिन पावसाळाभर तसंच पडून होतं. आता पहिल्यांदा सुरू करायचंय. ऑईल भरलंय, चावी मारू का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : चावी मारा, पण स्पार्क प्लग काढून आणि कॉइलची वायर सोडून. पडून राहिलेला पंप कोरडा होतो आणि कोरडा पंप ऑईल उचलत नाही. फिल्टर उभा बसत असेल तर तोही आधी भरून घ्या. स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती, दिवा विझेपर्यंत. विझलाच नाही तर पंप उघडून गिअरांना व्हॅसलिन भरा, परत तसंच फिरवा आणि दिवा विझल्यावर मगच प्लग लावा.