नातीच्या उशाखालचं पुस्तक

प्रश्न : माझी नात बारा वर्षांची. मामानं तिला फिलिप पुलमनच्या 'हिज डार्क मटेरियल्स'चे तिन्ही भाग पाठवलेत. रात्री वाचते नि मधूनच रडते. शेजारच्या बाई म्हणाल्या, त्यात मुलं मरतात, देवसुद्धा मरतो. चार महिन्यांपूर्वी आमचे हे गेले. आजोबांवर तिचा फार जीव. पुस्तकं काढून ठेवू का?
– एक आजी, गावभाग, सांगली

उत्तर : आजी, काढून ठेवू नका. मी साताऱ्यात शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. एकदा वरून हुकूम आला म्हणून काही पुस्तकं कपाटात कुलूपबंद केली, तर महिन्याभरात त्यांच्या झेरॉक्स वर्गात फिरत होत्या. तेही शेवटची पानं गायब!

शेजारणीचं अगदीच चूक नाही. पहिल्या, १९९५ सालच्या भागाच्या शेवटी नायिका लायराचा मित्र रॉजर मरतो, आणि नकळत तिनंच त्याला तिथवर नेलेलं असतं. तिसऱ्या भागात देव म्हणून मिरवलेला थकला म्हातारा स्फटिकाच्या पालखीत कोंडलेला सापडतो, नि बाहेर काढताच वाऱ्यावर विरून जातो. लेखकाचा राग आहे तो प्रश्न विचारणाऱ्यांची तोंडं बंद करणाऱ्या धर्मसत्तेवर. विठोबाला शिव्या घालणारी जनाबाई आपण भक्तीनं गातो. तुमच्या देवघराला काही धक्का लागत नाही.

नातीचं रडू बहुधा दुसऱ्याच जागचं आहे. लायराच्या जगात माणसाचा जीव शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात सोबत फिरतो. त्याला डेमन म्हणतात. मुलांचा डेमन सारखी रूपं बदलतो. वयात आलं की एकच रूप कायमचं. बारा वर्षांच्या पोरीला हे समजावून सांगावं लागत नाही. रॉजरला शोधायला लायरा मृतांच्या देशात निघते, तेव्हा नावेत डेमनला जागा नसते. त्याला काठावर सोडून जावं लागतं. मी ते साठीत वाचलं, आणि पुढचं पान लगेच उलटवलं नाही.

तिथं मेलेल्यांवर पहारा हार्पींचा. तोंड बाईचं, अंग गिधाडाचं. त्या बाहेरची वाट दाखवायला तयार होतात, पण एका अटीवर : येणाऱ्यानं आपल्या जगण्याची खरी गोष्ट सांगायची. थाप मारली की झडप! बाहेर पडलेली माणसं मग हवेत, गवतात मिसळून जातात.

माझ्या वडिलांची रक्षा माहुलीला संगमावर सोडली तेव्हा मी दहा वर्षांची होते. मला घरीच ठेवलं. कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही.

तेव्हा नातीला आजोबांच्या गोष्टी सांगा, पण हार घातलेल्या फोटोतल्या सद्गृहस्थाच्या नकोत. कशावरून चिडायचे, कुणाशी अबोला धरला होता, २०१९च्या पुरात माळ्यावर आधी काय चढवलं, ते सांगा.

तिसऱ्या भागात चाकांवर धावणारे प्राणी येतात, तिथं कथा रेंगाळते. मला दोन डुलक्या लागल्या. ती पानं गाळत असेल तर गाळू द्या. शेवटी ऑक्सफर्डच्या बागेतला बाक येतो, तेव्हा मात्र तिच्याजवळ बसा. दोन रुमाल लागतील.