‘प्रॉब्लेम पुढून आहे’ म्हणजे नेमका कुठून? वाचकांचे प्रश्न, नेटवर्कवाल्याची उत्तरं

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज मिळून बरेच प्रश्न आलेत. गंमत अशी की अर्धे नेट वापरणाऱ्यांचे आहेत आणि अर्धे नेट पुरवणाऱ्यांचे, आणि दोघांचीही तक्रार एकमेकांवरच आहे, म्हणून एकत्रच घेतो.

प्रश्न : सर, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. परवा यूट्यूब चालू, व्हॉट्सॲप चालू, पण बँकेची साइट काही उघडेना, सुतवाल्याचं पेमेंट अडकलं. मोबाइलच्या नेटवर तीच साइट लगेच उघडली. नेटवाल्याला फोन लावला तर म्हणतो, ‘काका, प्रॉब्लेम पुढून आहे, आपल्याकडून ओके आहे.’ हे पुढून म्हणजे कुठून? का नुसतं टोलवायलाय? (कारखानदार, अक्कलकोट रोड)

काका, टोलवत असेल असंही होतं आणि खरं बोलत असेल असंही होतं, फोनवर कळत नाही एवढंच.

म्हणजे कसंय, तुमच्या नेटवाल्याचं नेट त्याच्या ऑफिसात तयार होत नाही, तो वरच्या कंपनीकडून बँडविड्थ घेतो, ती पुणे-मुंबईला नेऊन जोडते, तिथून पुढं बँकेच्या सर्व्हरपर्यंत आणखी दोन-चार कंपन्या मध्ये. या सगळ्या कंपन्या एकमेकींना सतत सांगत असतात की अमुक इंटरनेट पत्ते (आयपी) माझ्याकडून मिळतील. या सांगण्याला बीजीपी म्हणतात, आणि त्यातली मेख अशी की मुळात हे सगळं विश्वासावर चालतं, सांगणारा खरं सांगतोय का हे तपासायची सोय त्यात नव्हतीच. सात रस्ता चौकात कुणी रातोरात ‘पुण्याकडे’ अशी पाटी विजापूरच्या दिशेला लावली आणि सगळ्या गाड्या निमूट तिकडं वळल्या, असा प्रकार.

आणि हे खरंच झालंय. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानात सरकारनं यूट्यूब बंद करायला सांगितलं, तिथल्या पाकिस्तान टेलिकॉमनं यूट्यूबच्या पत्त्यांमधला एक तुकडा ‘माझ्याकडं आहे’ असं जाहीर केलं. ते देशाच्या आत राहायला हवं होतं, पण ते त्यांच्या हाँगकाँगच्या अपस्ट्रीमकडं, म्हणजे वरच्या कंपनीकडं गेलं, त्यानं न तपासता पुढं पाठवलं, आणि साधारण दोन तास जगभरातल्या लोकांचं यूट्यूब पाकिस्तानात जाऊन पडत होतं. यूट्यूब स्वतः १०२४ पत्त्यांचा मोठा गठ्ठा जाहीर करत होतं, यांनी त्यातलाच २५६ चा छोटा जाहीर केला, आणि राउटिंगचा नियम असा की जास्त नेमका पत्ता सांगणारा जिंकतो. आपल्याकडंही १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाच्या नेटवर्कमधून ३० हजारांहून जास्त परके राउट (पत्त्यांकडं जायचे रस्ते) थोड्या वेळासाठी बाहेर गेले होते. आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टा सगळं सहा-एक तास गेलं ते आठवत असेल, तिथं तर कुणी हल्ला केला नव्हता, त्यांच्याच मेंटेनन्सच्या कमांडनं बॅकबोन, म्हणजे आतलं मुख्य जाळं बंद झालं आणि त्यांचे डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारे) इंटरनेटच्या नकाशावरूनच नाहीसे झाले.

पण आता खरं सांगू का, तुमच्या बँकेच्या बाबतीत एवढं मोठं काही झालं असेल असं मला वाटत नाही. एकच साइट अडते तेव्हा बहुतेक वेळा कारण फार किरकोळ असतं. एक तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारा नेटवाल्याचा सर्व्हर जुनं काहीतरी सांगत असतो, लॅपटॉपवर डीएनएस बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा, उघडली तर विषय संपला. दुसरं एमटीयू, म्हणजे डेटाचं एक पाकीट जास्तीत जास्त केवढं असू शकतं ती मर्यादा. तुमचं कनेक्शन युजरनेम-पासवर्डवालं पीपीपीओई असेल तर त्यात १५०० ऐवजी १४९२ बाइटचंच पाकीट जातं, आठ बाइट त्या पीपीपीओईलाच लागतात. मोठं पाकीट आलं की ‘बाबा, छोटं कर’ असा निरोप मागं जायला हवा, तो निरोप मध्ये कुणीतरी फायरवॉलमध्ये अडवून ठेवलेला असतो, मग साइट अर्धी येऊन गोल-गोल फिरत बसते. नेटवाल्याला ‘एमएसएस क्लॅम्प केलाय का’ (म्हणजे पाकीट आधीच छोटं ठरवून दिलंय का) एवढंच विचारा, तो एकदम सरळ बोलायला लागेल. तिसरं म्हणजे एकाच पब्लिक आयपीवर तुमच्याबरोबर शेकडो घरं असतात, त्यातल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरला व्हायरस लागला की बँकेचं फायरवॉल तो आयपीच बंद करतं. अशा वेळी पब्लिक आयपी बदलून मिळतो का बघायचं, आणि कारखान्याला स्वतंत्र स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेतलेला केव्हाही बरा.

पुढच्या वेळी ‘पुढून’ म्हणाला की ट्रेसरूट मागा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ट्रेसर्ट (tracert) लिहून साइटचं नाव टाकलं की कुठल्या टप्प्यापर्यंत जातंय ते ओळीनं दिसतं. मध्ये चांदण्या (*) दिसल्या म्हणजे तिथंच तुटलंय असं लगेच समजू नका, बरेच राउटर उत्तर द्यायचं मुद्दाम टाळतात. पण तोच ट्रेस मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काढून दोन्ही शेजारी ठेवले की बऱ्यापैकी अंदाज येतो.

प्रश्न : भाऊ, बार्शी रोडला आमचं छोटं नेट आहे. आधी दुसऱ्याची फ्रँचायझी होती, आता स्वतःचं सी क्लास (छोट्या भागापुरतं) लायसन्स, स्वतःचा एएस नंबर (नेटवर्कचा ओळख नंबर) अन् एक स्लॅश २४ (२५६ पत्त्यांचा गठ्ठा) घेतलाय. दोन अपस्ट्रीम हायत. त्यातला एक आरओए करा म्हणून मागं लागलाय. त्यानं कस्टमर वाढणार का? (एक ऑपरेटर)

एकही वाढणार नाही. तरी आजच करा, काम थोड्या वेळाचं आहे आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

वर काकांना जी पाटीची गोष्ट सांगितली, त्यावरचा हा इलाज. आरओए म्हणजे सही केलेला दाखला, ‘हा स्लॅश २४ फक्त या एएस नंबरवरूनच जाहीर होईल’. तुमचे आयपी आयआरआयएनएनकडून (भारतात पत्ते वाटणारी संस्था) असतील तर त्यांच्या मेंबर पोर्टलवरून, एपीनिककडून (आशिया-पॅसिफिकची तशीच संस्था) असतील तर मायएपीनिकवरून होतो. मग जगात कुणी तुमचा प्रिफिक्स (पत्त्यांचा गठ्ठा) दुसऱ्या एएसवरून जाहीर केला तर तपासणारे नेटवर्क तो ‘इनव्हॅलिड’ म्हणून टाकून देतात. मे २०२४ मध्ये आयपीव्ही४ च्या राउट टेबलमधल्या निम्म्याहून जास्त राउटना असा दाखला झाला, म्हणजे आता न करणारे कमी उरलेत.

दोन गोष्टी सांभाळा. एएस नंबरचा एक आकडा चुकीचा टाकला तर तुमचंच नेटवर्क इनव्हॅलिड होतं आणि रात्री कस्टमरचे फोन सुरू, तेव्हा टाकल्यावर पुन्हा वाचा. आणि उद्या स्लॅश २२ (१०२४ पत्ते) घेतलात, तो अख्खाच जाहीर करणार असाल, तर मॅक्स लेंथ (किती बारीक तुकड्यापर्यंत परवानगी तो आकडा) उगाच २४ ठेवू नका. जे तुम्ही जाहीर करत नाही त्याची परवानगी उघडी ठेवली की तुमच्या एएसचं नाव लावून कुणीही बारीक तुकडा जाहीर करू शकतो, आणि तो व्हॅलिडच दिसतो. आरपीकेआय, म्हणजे या दाखल्यांची सगळी यंत्रणा, फक्त ‘सुरुवात कुणापासून’ एवढं तपासतं, मधला रस्ता खरा का खोटा ते नाही.

पण भाऊ, तुमच्याबाबत मला आरओएपेक्षा दुसरीच काळजी वाटते. दोन अपस्ट्रीम म्हणालात ना, आउट फिल्टर, म्हणजे बाहेर काय सांगायचं त्याची चाळणी, लावलाय का? नुसतं बीजीपी सेशन उभं करून सोडलं तर राउटर एकाकडून शिकलेलं सगळं दुसऱ्याला सांगत सुटू शकतो, म्हणजे जगाला वाटतं की एका बड्या कंपनीकडून दुसऱ्या बड्या कंपनीकडं जायचा रस्ता बार्शी रोडवरून आहे. हसू नका. २४ जून २०१९ ला अमेरिकेत हेच झालं, पेनसिल्व्हेनियातला एक छोटा प्रोव्हायडर, त्याच्या ऑप्टिमायझर मशीननं ट्रॅफिक वळवायला बारीक बारीक राउट तयार केले, ते त्याच्या गिऱ्हाईकाकडं, एका स्टील कंपनीकडं गेले, त्या कंपनीचं दुसरं कनेक्शन व्हेरायझन या बड्या टेलिकॉम कंपनीचं, तिनं ते तिकडं दिले आणि व्हेरायझननं न गाळता जगाला दिले. क्लाउडफ्लेअरच्या (साइट्सना संरक्षण अन् वेग पुरवणारी कंपनी) मागं असलेल्या साइट्सचा मोठा भाग दोन तासांच्या आसपास रखडला. स्टील कंपनीच्या जागी तुम्ही आहात असं समजा.

म्हणून राउटर मायक्रोटिकचा असो नाहीतर दुसरं काही, बाहेर जाणाऱ्या फिल्टरमध्ये फक्त स्वतःचा प्रिफिक्स, बाकी सगळं ड्रॉप. अपस्ट्रीमलाही सांगा की माझ्याकडून दोन-चारपेक्षा जास्त प्रिफिक्स आले तर सेशन पाडा. जो अपस्ट्रीम आरओए करा म्हणून मागं लागलाय त्याला उलटं विचारा की तू स्वतः इनव्हॅलिड ड्रॉप करतोस का. बरेचजण इथं गप्प होतात. आणि कस्टमरच्या बाजूला पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता (सोर्स) लावलेली पाकिटं अडवा, ही शिफारस २००० सालापासून लेखी आहे आणि तरी लोक करत नाहीत. मात्र आरपी फिल्टर (पाकीट आलं त्याच वाटेनं उत्तर जातं का ते तपासणारी सोय) स्ट्रिक्ट करून अपस्ट्रीमच्या पोर्टवर लावू नका, दोन अपस्ट्रीम असताना जाणारं एकीकडून आणि येणारं दुसरीकडून असतं, चांगलं ट्रॅफिकच मरेल.

प्रश्न : दादा, आमचा केबलवाला सोसायटीत सगळ्यांसमोर म्हणाला की कोण रात्री काय बघतंय ते मला सगळं दिसतंय. हे खरं आहे का? तेव्हापासून मी बँकेचं काही घरच्या वायफायवर करतच नाही. (गृहिणी, जुळे सोलापूर)

ताई, निम्मं खरं आहे आणि उरलेली नुसती शायनिंग आहे.

त्याला किंवा त्याच्या वरच्या कंपनीला दिसू शकतं ते हे : तुमच्या कनेक्शनवरून कुठल्या साइटला गेलात, म्हणजे नाव, किती वाजता, किती डेटा. त्या साइटवर आत काय वाचलं, काय टाइप केलं, बँकेत किती पैसे आहेत, व्हॉट्सॲपला बहिणीला काय लिहिलं, यातलं काही दिसत नाही, साइट एचटीटीपीएस असली की आतला मजकूर कुलपात असतो. तेव्हा बँकेचं काम घरी खुशाल करा. साइटचं नाव दोन ठिकाणी उघडं पडतं, डीएनएस विचारताना आणि कनेक्शन सुरू होताना. डीएनएसचं झाकायला अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे, दुसरं अजून बऱ्याच साइट्सवर उघडंच जातं. इन्कॉग्निटोचा इथं काडीचा उपयोग नाही, तो फक्त घरच्यांपासून हिस्ट्री लपवतो.

मग व्हीपीएन (आपलं सगळं ट्रॅफिक स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) घेऊ का, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. व्हीपीएननं केबलवाल्याची नजर जाते, पण तेच सगळं व्हीपीएन कंपनीला दिसायला लागतं, आणि फुकटवाली कंपनी तिचा खर्च कशातून काढत असेल याचा विचार करा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात तर व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची असं आहे, त्यावरून काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून नेले.

आणि आता ऑपरेटर मंडळींना. रेकॉर्ड ठेवायला लायसन्स सांगतं, डिसेंबर २०२१ मध्ये ती मुदत एक वर्षाची दोन वर्षं झाली, मान्य. पण ते रेकॉर्ड कायद्यानं मागणाऱ्याला द्यायला आहे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भाव खायला नाही. काय बे, उद्या तुझ्या घरचं कुणी असं चारचौघात सांगितलं तर?

प्रश्न : केगावला आमच्याकडं कॉलेजची पोरं कॉट बेसिसवर राहतात, सगळ्यांना एकच वायफाय. सायबर पोलिसांचा फोन आला की तुमच्या आयपीवरून फ्रॉड झालाय. आम्ही तर घाबरून गेलो. नुसत्या आयपीवरून माणूस सापडतो का? (घरमालक)

नुसत्या आयपीवरून नाही. आयपीव्ही४ चे पत्ते मुळात ४३० कोटीच्या आत, ते कधीच पुरेनासे झाले, म्हणून एक पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. तेव्हा आयपीबरोबर पोर्ट नंबर (एकाच आयपीवरची वेगवेगळी कनेक्शनं ओळखणारा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते, ती तिन्ही असली तर ऑपरेटरच्या लॉगमधून तुमचं कनेक्शन निघतं. पोर्ट नसेल तर तुमच्यासारखे शंभरजण त्यात येतात, आणि ऑपरेटरच्या मशीनचं घड्याळ दोन मिनिटं पुढं असेल तर भलत्याचंच दार वाजतं. सर्ट-इनच्या त्या २०२२ च्या आदेशात सगळी घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून ठेवा असं उगाच सांगितलेलं नाही.

आधी तो फोन खरा होता का ते पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, कारण असे फोन करून पैसे मागणारेही आहेत. खरा निघाला तर जे आहे ते सांगा, किती पोरं, कोण कधी राहायला होतं, भाडेकरूंचे कागद. इथून पुढं मात्र एकच पासवर्ड सगळ्यांना देऊ नका, तुमच्या नेटवाल्याला प्रत्येक पोराला वेगळं लॉगिन द्यायला सांगा, हॉटस्पॉट सर्व्हर लावून ते होतं.

प्रश्न : शेजारचा मित्र आणि मी गेम खेळतो, मध्ये फक्त एक भिंत आहे तरी पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ) बराच जास्त येतो. का? (अकरावी, साखर पेठ)

तुझं नेट एका कंपनीचं, त्याचं दुसऱ्या कंपनीचं, आणि दोघांची गाठ बहुधा सोलापुरात पडतच नाही, मुंबईच्या एक्स्चेंजला, म्हणजे नेट कंपन्या एकमेकींना जोडल्या जातात त्या जागी पडते. शिवाय गेमचा सर्व्हर मुंबईत किंवा त्याहून लांब. फायबरमध्ये उजेडाला हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे मुंबई जाऊन-येऊन ४-५ च्या आसपास, फार तर ७-८ धर. ४० दिसत असतील तर उरलेले तुझ्या वायफायचे, मधल्या गर्दीचे किंवा लांबच्या सर्व्हरचे. आधी लॅनची वायर लावून बघ आणि मग नेटवाल्याशी भांड.

प्रश्न : दुकानातला सीसीटीव्ही मोबाइलवर दिसावा म्हणून टेक्निशियननं राउटरमध्ये काहीतरी पोर्ट उघडून दिला. चालतं का? (नवी पेठ)

नाही चालत, बंद करून घ्या. डीव्हीआरचा (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र) पासवर्ड कंपनीतून आला तोच असेल, ॲडमिन-ॲडमिनच्या जातीचा, तर उघड्या पोर्टवरून तो सापडायला वेळ लागत नाही. २०१६ चं मिराई, म्हणजे हॅक केलेल्या यंत्रांचं जाळं, याच असल्या कॅमेरे-राउटरांतून लाखोंनी जमवलेलं होतं आणि त्यानं अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट्स पाडली होती. पासवर्ड बदला, राउटरमधलं रिमोट मॅनेजमेंट आणि यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, डीव्हीआरचं नवं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आलं असेल तर टाका. आणि टेक्निशियननं स्वतःसाठी वेगळं युजर करून ठेवलंय का, तेही त्या युजर लिस्टमध्ये बघून घ्या.