लूम रेडिओत घुसलाय का?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : दादा नमस्कार. माझं भवानी पेठेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, तांब्याची वायर घरचीच, म्हणून हौसेनं ४० मीटर बँडचा डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर बनवला. एका ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर (सेटची स्वतःची लहर बनवणारा), ती लहर आणि एरियलचा सिग्नल एकत्र करून आवाज काढणारा दोन डायोडचा मिक्सर आणि शेवटी आवाज वाढवणारी एलएम३८६ आयसी, एवढंच. हॅम लोकांचं (हौशी रेडिओवाल्यांचं) बोलणं येतं पण त्याच्यावर सतत घूंऽऽ. एरियल काढली की घूं गायब. शेजारी आठ लूमचा कारखाना आहे, त्यांच्या मोटरींचा आवाज घुसतोय असं वाटतं. आता कारखाना तर मी बंद करू शकत नाही.

उत्तर : कारखानदाराशी भांडायला जाऊ नका, त्या बिचाऱ्याची काही चूक नाही. साध्या लूमची मोटर इंडक्शनची, तिला कार्बन ब्रश नसतात हे मी तुम्हाला काय सांगायचं, आणि ब्रश नाही म्हणजे सारखी ठिणगी नाही. स्टार्टर दाबला की एकदा कट्ट होईल, संपलं. (नवीन रॅपियर लूमवर इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असतात, त्यांची गोष्ट वेगळी, पण त्यांची घरघर येते, अशी गोल घूं नाही.)

तुमच्या पत्रात खरी खूण एकच, एरियल काढली की घूं जाते. म्हणजे ३८६ ची वायरिंग आणि अर्थिंग ठीक आहे, घूं एरियलमधून येतेय, आणि गंमत अशी की ती तुमचाच रेडिओ बाहेर पाठवतोय. कसं ते बघा. नेहमीच्या रेडिओत स्टेशनचं आधी ४५५ किलोहर्ट्झ करतात आणि मग वाढवतात, त्यामुळे ऑसिलेटर स्टेशनपासून लांब असतो. डायरेक्ट कन्व्हर्जनमध्ये तो स्टेशनच्याच फ्रिक्वेन्सीवर चालतो. तुम्ही ७.१ मेगाहर्ट्झवर ऐकताय तर ऑसिलेटरही ७.१ वर, आणि त्यातलं थोडं मिक्सरमधून गळून एरियलवर जातं. तिथून घरातल्या वायरिंगमध्ये, अ‍ॅडॉप्टरच्या डायोडपर्यंत. ते डायोड सेकंदाला १०० वेळा चालू-बंद होतात, त्यामुळे तोच सिग्नल हम (म्हणजे तीच घूं) चिकटवून घेऊन परत तुमच्या एरियलवर येतो. मिक्सरला काय, आला सिग्नल की केला आवाज. आणि या सेटमध्ये जवळजवळ सगळी वाढ आवाजाच्या बाजूलाच असते, एरियलवरचा १ मायक्रोव्होल्ट हेडफोनमध्ये ऐकू यायचा तर लाखभर पटीनं वाढवावा लागतो, मग इतकुसा हमसुद्धा ढोल होऊन येतो.

माझा पहिला सेट असाच होता. जानेवारीत, सोलापुरात गड्ड्याची यात्रा सुरू होती, संध्याकाळी हेडफोन लावून बसलो तर नुसती घूं, वैतागून बंद करणार तेवढ्यात अख्ख्या गल्लीची लाइट गेली. सेट तेव्हा यूपीएसच्या बॅटरीवर होता म्हणून चालू राहिला. घूं एकदम थांबली, आणि त्या शांततेत दोन माणसं निवांत बोलताना आली, विषय काय तर एरियल बांधायला नायलॉनची दोरी बरी का सुतळी. त्या दिवशी मला कळलं की बॅटरी लावून भागत नाही, घरातले बाकीचे अ‍ॅडॉप्टर आणि एलईडी ट्यूबही हा उद्योग करतात.

तर आधी १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीवर सेट लावा, मग घराचा मेन स्विच दोन मिनिटं पाडून बघा (घरच्यांना सांगून, टीव्हीवर सिरियल चालू असताना नको). हम गेला तर निदान पक्कं. मग तुमच्या अ‍ॅडॉप्टरच्या ब्रिजमध्ये चारही डायोडवर एकेक १०३ चा डिस्क कपॅसिटर टाका आणि डीसीची वायर जुन्या रेडिओच्या फेराइट रॉडवर दहा-बारा वेढे गुंडाळून आणा. एरियल घराच्या वायरिंगपासून लांब न्या. एवढ्यानं पुष्कळदा काम होतं.

पण मला विचाराल तर मिक्सरच बदला. व्लादिमिर पोल्याकोव्ह नावाच्या रशियन हॅमनं १९७० च्या दशकात एक मिक्सर लोकप्रिय केला, दोन १एन४१४८ डायोड एकमेकांना उलटे जोडायचे आणि ऑसिलेटर निम्म्या फ्रिक्वेन्सीवर चालवायचा, ७.१ ऐकायला ३.५५. मग जे गळतं ते ३.५५ वर, ते पुढच्या फिल्टरमधून बाहेरही जात नाही आणि परत आलं तरी आवाज होत नाही. ऑसिलेटरची कॉइल टी५०-२ च्या लाल रिंगवर ४३ वेढे, २८ गेजची वायर, आणि गँग-बिंग (ट्यूनिंगचा कपॅसिटर) सगळं धरून २२० पीएफ. वेढे मोजायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. फक्त वार्निश नीट खरवडा आणि झाल्यावर कॉइलवर मेणबत्तीचं मेण ओता, नाहीतर टेबलाला धक्का लागला की हेडफोनमध्ये टण्ण वाजतं.

प्रश्न : सर, मी डिप्लोमाला आहे, जुळे सोलापूरला राहतो. मिक्सरला एसए६१२ आयसी आणि ऑसिलेटरला एसआय५३५१ मॉड्यूल वापरलंय. दिवसा छान चालतो पण रात्री डायल कुठेही फिरवला तरी तेच परदेशी स्टेशन गाणी लावून बसलेलं असतं. आयसी खराब आहे का?

उत्तर : आयसी बरी आहे, तिच्यावर ओझं जास्त टाकलंयस. आपला हॅम बँड ७.० ते ७.२, त्याच्या डोक्यावर लगेच शॉर्टवेव्हचे दणदणीत प्रसारणवाले, आणि ६१२ ला जोराचा सिग्नल सोसत नाही, ती त्याला डायोडसारखं सरळ आवाजात बदलते, म्हणून डायल फिरवून फरक पडत नाही. एरियलला १ के चा पॉट (फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर) लाव आणि रात्री तो कमी कर. व्हॉल्यूम नाही, पॉट. सगळे व्हॉल्यूमच पिळतात. शिवाय ६१२ च्या ४ आणि ५ नंबरच्या दोन्ही पिना कपॅसिटरमधून ३८६ च्या २ आणि ३ ला ने, एकच पिन वापरली असशील तर हा त्रास वाढतो. आणि ५३५१ चे ३ व्होल्ट थेट दिलेस का? ६ नंबर पिनला २००-३०० मिलिव्होल्ट पुरे, मध्ये दोन रेझिस्टर टाक. ६१२ चा सप्लाय ८ व्होल्टच्या वर नेऊ नकोस, ६ व्होल्ट देणारा ७८एल०६ लाव.

एकच माणूस झीरो बीटच्या (ऑसिलेटर बरोबर स्टेशनवर येतो त्या जागेच्या) दोन्ही बाजूंना ऐकू येतो, असंही तू खाली लिहिलंयस. ते तसंच असतं, या सेटला दोन्ही साइडबँड, म्हणजे ऑसिलेटरच्या वरचे आणि खालचे सिग्नल, सारखेच दिसतात. त्यातली एक बाजू घालवायला फेजिंगचा सेट लागतो, आधी हा शांत कर.

प्रश्न : हॅम बँडवर स्वतः बोलायचं असेल तर काय करावं लागतं? (होटगी रोड)

उत्तर : ट्रान्समिट करायला एएसओसीची (अमॅच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेटची) परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं, वय किमान १२. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही, जनरलला ८ शब्द मिनिटाला. तोवर गच्चीवर डायपोल (मधून फीड दिलेली दोन वायरींची एरियल) बांधून ठेवा, दोन्ही बाजूंना ३३-३३ फूट वायर. आणि दोरी नायलॉनचीच घ्या, सुतळी उन्हात टिकत नाही.