ब्रेक लागतो, इंडिकेटर लागतो, मग रनिंग लाइटच का लागत नाहीत?

*वाचकांचे प्रश्न : गाडीमागची गाडी*

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये अॅन आर्बरजवळ राहतो. यंदा जुना कॅम्पर ट्रेलर घेतला, २२ फूट लांब आणि ८ फूट रुंद. पिकअपला जोडला की ब्रेकचे दिवे लागतात, दोन्ही इंडिकेटर लागतात, पण हेडलाइट लावल्यावर ट्रेलरचा एकही रनिंग लाइट (रात्री ट्रेलर दिसावा म्हणून सतत लागून राहणारा दिवा) लागत नाही. पिकअपमधला ट्रेलरचा १५ अँपियरचा फ्यूज उडालेला सापडला. नवा घातला, दिवे लागले, अर्ध्या तासात पुन्हा उडाला. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते म्हणतात, अर्थ (करंट परत नेणारी जोडणी) खराब असेल. एका दुकानाने पैसे घेऊन प्लग बदलून दिला, काही फरक नाही. आम्हाला मॅकिनॉचा पूल ओलांडून अपर पेनिन्सुलात जायचं आहे. यांचं म्हणणं, सगळे दिवे काढून एलईडी बसवू. बसवावेत का?

उत्तर : ताई, दिव्यांना हात लावू नका. निदान आत्ता तरी नको. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यात निम्मं निदान तुम्हीच करून दिलं आहे. फक्त ते 'काय बिघडलं' या बाजूने नाही, 'काय चालतंय' या बाजूने वाचायला हवं.

ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर चालतात ना? त्या दिव्यांचा करंट परत येतो तो प्लगमधल्या त्याच एका पांढऱ्या वायरने, जिच्यातून रनिंग लाइटचा येतो. ती वायर खराब असती तर ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे मंद झाले असते किंवा भलतेच दिवे मिचमिचले असते. शिवाय खराब अर्थमुळे दिवा मंद होतो, फ्यूज उडत नाही. ट्रेलरवाल्यांच्या जगात 'अर्थ खराब असेल' हे वाक्य तापाला क्रोसिनसारखं वापरतात. पुष्कळदा खरंही निघतं, पण तुमच्या बाबतीत नाही.

बल्बही दोषी नाहीत. सगळेच्या सगळे एका दिवशी जात नसतात. आता करंटचा हिशेब पाहा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ८० इंच किंवा त्याहून रुंद ट्रेलरला मागे मधोमध तीन लाल दिवे लागतात, वरच्या कोपऱ्यांत पुढे दोन पिवळे, मागे दोन लाल, आणि बाजूंना चार. झाले अकरा. जुन्या ट्रेलरवर यांत बहुधा १९४ नंबरचे बल्ब असतात, एकेक ०.२७ अँपियर खाणारा. म्हणजे तीन अँपियर. मागचे दोन मोठे दिवे ११५७ नंबरचे, दोन फिलामेंटवाले. त्यातलं बारीक फिलामेंट ०.५९ अँपियर घेतं. सगळं मिळून चार-साडेचार अँपियर. त्यावर १५ चा फ्यूज उडायचं काही कारण नाही. तेव्हा रनिंग लाइटची वायर कुठेतरी ट्रेलरच्या लोखंडाला किंवा पत्र्याला टेकते आहे. शॉर्ट आहे, आणि तो येऊन-जाऊन आहे.

तो अर्धा तास ट्रेलर उभा होता की रस्त्यावर होता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मला तेच सगळ्यात जास्त कळायला हवं होतं. रस्त्यावर उडाला असेल तर वायर हादऱ्याने घासते आहे. उभ्या ट्रेलरवर, पावसानंतर उडाला असेल तर एखाद्या दिव्याच्या डबीत पाणी आहे.

आधी दोष ट्रकचा (म्हणजे तुमच्या पिकअपचा) की ट्रेलरचा हे वेगळं करा. प्लग ट्रकमधून काढा. कॅम्परला स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी असते. तिच्या प्लस टोकाला एक वायर लावा, बॅटरीजवळच त्या वायरीत १० अँपियरचा फ्यूज घाला आणि दुसरं टोक प्लगमधल्या रनिंग लाइटच्या पट्टीला टेकवा. मायनसची वायर वेगळी लागत नाही, बॅटरीचं मायनस ट्रेलरच्या चौकटीला आधीच जोडलेलं असतं. दिवे लागले आणि कितीही वेळ, ट्रेलर हलवूनही, फ्यूज टिकला तर ट्रकचं सॉकेट आणि त्यामागची वायर तपासा. फ्यूज उडाला तर ट्रक निर्दोष. माझा अंदाज, उडेल.

पण रनिंग लाइटची पट्टी कोणती? इथे रंगावर विश्वास ठेवू नका. चार वायरच्या साध्या ट्रेलरमध्ये तपकिरी म्हणजे रनिंग लाइट, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. कॅम्परच्या कारखान्यांत मात्र जुन्या पद्धतीने हिरवी रनिंग लाइटची, लाल डावीकडची आणि तपकिरी उजव्या इंडिकेटरची. तोच तपकिरी रंग, काम पार वेगळं! प्लग बदलणाऱ्याने रंगाला रंग जोडून दिला असेल तर आणखी गोंधळ. अर्थात तुमचे इंडिकेटर बरोबर बाजूला लागतात, त्यामुळे त्याने ते नीट केलं असावं. प्लग उघडल्यावर आत पट्ट्यांजवळ बारीक अक्षरं असतात. 'टी एम' लिहिलेली पट्टी रनिंग लाइटची, 'जी डी' अर्थची. चष्मा लावा, मोबाइलचा टॉर्च धरा आणि अक्षरं वाचा. चुकून ब्रेकच्या पट्टीला वायर टेकली तर चाकांतले इलेक्ट्रिक ब्रेक आवळले जातील, घाबरायचं कारण नाही.

आता शॉर्ट शोधायचा. दर खेपेला नवा फ्यूज घालून उडवणं हा महाग छंद आहे. त्याऐवजी त्या जोडणीतला फ्यूज काढून त्याच्या जागी जुन्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तोवर तो बल्ब लख्ख पेटेल आणि ट्रेलरचे दिवे विझलेले राहतील. शॉर्ट सुटला की तो बल्ब मंदावेल आणि ट्रेलरचे दिवे थोडे उजळतील. तो बल्ब जिथून दिसेल असा टांगा आणि वायरी हलवत, ओढत, दाबत चला. यजमानांना बल्बाकडे बघायला बसवा. (तेवढा वेळ एलईडीचा विषय निघणार नाही.) बल्ब तापतो, प्लास्टिकपासून लांब ठेवा.

सगळी वायर एकदम धुंडाळू नका. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांड्याजवळ एक डबी असते, तिथे प्लगच्या वायरी आतल्या वायरींना जोडलेल्या असतात. रनिंग लाइटचा जोड सोडा. आत जाणाऱ्या दोन-तीन वायरी दिसतील: एक पुढच्या भिंतीतून वर गेलेली, एक मागे. एकेक करून बल्बाच्या वायरीला लावा. जिच्यावर बल्ब लख्ख पेटेल ती तुमची. निम्मा ट्रेलर तिथेच वगळला जातो.

पुढच्या भिंतीची निघाली तर शिडी लावून वरच्या कोपऱ्यांतले पिवळे दिवे उघडा. आत हिरवी भुकटी आणि गंजलेला स्क्रू दिसला तर शोध संपला. मागे जाणारी निघाली तर आधी खाली वाका. चौकटीला पाडलेल्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बुशी आहे का? नसेल तर लोखंडाची धार वर्षानुवर्षं वायरीचं आवरण खात असते. मग चाकांच्या वरचा भाग आणि बंपरजवळचा नंबरप्लेटचा दिवा. एवढ्यात नाही सापडलं तर आत जा आणि जुन्या मालकाने नंतर काय काय ठोकलंय ते बघा. माझ्या ट्रेलरमध्ये टॉवेल अडकवायच्या हुकचा स्क्रू नेमका भिंतीतल्या वायरीत घुसलेला होता. हुक देखणा होता, बाहेरचे दिवे बंद होते.

दुरुस्ती करताना वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळू नका. आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी क्रिम्पची (दाबून बसवायची) जोडणी मिळते, तीच वापरा. दिवा परत बसवताना मागे ब्युटाइलची (चिकट रबरी) पट्टी लावा. बाहेरून सीलंट फक्त वर आणि दोन्ही बाजूंना, खालची कड मोकळी सोडा. चारही बाजू बंद केल्या तर आत गेलेलं पाणी आतच राहतं.

आणि कोणी 'मोठा फ्यूज टाका' असा सल्ला दिला तर ऐकू नका. १५ च्या जागी ३० टाकलात की फ्यूज वाचेल, आणि तापेल ती पातळ प्लायवूड आणि फोमच्या भिंतीत दडलेली वायर. त्याच भिंतीला उशी टेकवून तुम्ही झोपणार आहात.

एलईडी चांगलेच. शॉर्ट निघाल्यावर हौसेने बसवा. आज बसवलेत तर नव्या दिव्यांचाही फ्यूज उडेल.

प्रश्न : डॅलसजवळ असतो. माझ्या ट्रेलरचं उलटं आहे. फ्यूज कधी उडत नाही, पण हेडलाइट लावून डावा इंडिकेटर दिला की बाजूचे छोटे मार्कर दिवेसुद्धा लुकलुकतात आणि ब्रेक दाबल्यावर सगळंच मंद होतं. मीटर लावला तर दिव्यापाशी बरोबर १२ व्होल्ट दाखवतो. दिवे साधे आहेत, एलईडी नाहीत.

उत्तर : तुमच्याकडे मात्र अर्थच. इंडिकेटरचा आणि मार्करचा करंट त्याच एका कमकुवत अर्थमधून परत जातो, म्हणून इंडिकेटर पेटला की मार्करच्या वाट्याला कमी व्होल्ट येऊन ते मंदावतात, आणि तो विझला की पुन्हा उजळतात. लुकलुक होते ती त्याचीच.

मीटर खोटं बोलत नाही, पण तुम्ही त्याला चुकीच्या वेळी विचारलंत. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गंजून एकच तार उरलेल्या जोडणीतूनही तो १२ व्होल्ट वाचेल. दिव्याचा भार आला की तीच जोडणी मान टाकते. म्हणून सगळे दिवे चालू ठेवून, एकाने ब्रेक दाबून धरलेला असताना, मीटरचं एक टोक दिव्याच्या अर्थला आणि दुसरं ट्रकच्या बॅटरीच्या मायनसला लावा. लांब वायर लागेल. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेत खोट आहे. मग तेच टोक दिव्यापासून चौकटीवर, चौकटीवरून प्लगच्या पांढऱ्या वायरीवर असं सरकवत या. आकडा जिथे एकदम पडेल, दोष त्याच्या अलीकडच्या जोडात. बहुतेक वेळा पांढरी वायर चौकटीला जिथे स्क्रूने धरलेली असते ती जागा निघते: रंग खरवडा, चकचकीत लोखंड लागू द्या, नवा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी), नवा स्क्रू, वरून ग्रीस.

हिचच्या गोळ्यातून (ट्रेलर ज्याच्यावर अडकवतात तो लोखंडी गोळा) अर्थ मिळतो, असं काही लोक सांगतात. थोडाफार मिळतोही, गोळ्याला ग्रीस नसेल आणि ट्रेलर हलत नसेल तोवर. तुमचा ट्रेलर इतके दिवस बहुधा त्याच्यावरच चालला असेल.

प्रश्न : न्यू जर्सीहून विचारतो. रात्री हायवेवर रनिंग लाइट गेले तर काय करायचं? आणि गेले हे कळणार कसं?

उत्तर : कळणं अवघड असतं. बऱ्याच पिकअपमध्ये ट्रेलरच्या दिव्यांचा फ्यूज वेगळा असतो, त्यामुळे ट्रकचे स्वतःचे दिवे मजेत चालू राहतात. पुढच्या कोपऱ्यांतले पिवळे दिवे बाजूच्या आरशात दिसतात का ते निघतानाच बघून ठेवा, म्हणजे नंतर नुसती नजर टाकली तरी पुरते. पेट्रोलला थांबाल तेव्हा मागे एक चक्कर मारा.

गेलेच, तर हॅझार्ड लावून पुढच्या एक्झिटला बाहेर पडा. हायवेच्या कडेच्या पट्टीवर थांबून दुरुस्ती करत बसू नका. अंधारातला ८ फूट रुंद ट्रेलर मागच्याला दिसत नाही. उजेडाच्या जागी पोचल्यावर फ्यूज बदला, एकदाच. पुन्हा उडाला तर तिथेच मुक्काम. मी ट्रेलरमध्ये बॅटरीवर चालणारी लाल दिव्यांची एक जोडी ठेवतो, चुंबकाने चिकटणारी. फक्त घरी आधी चिकटवून बघा, कारण बऱ्याच कॅम्परचा पत्रा अॅल्युमिनियमचा असतो आणि त्याला चुंबक धरत नाही. मग लोखंडी बंपर शोधावा लागतो, नाहीतर पट्टा.